बिऱ्हाड

तुळशीची लग्नं लागली की माझ्या दुकानाचा हंगाम सुरू होतो. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, दहा बाय बाराचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, एवढाच पसारा. २०२३ च्या नोव्हेंबरात करमाडकडचे एक काका आले. दोन वर्षांपूर्वी थोरल्याची पत्रिका त्यांनी माझ्याकडूनच नेली होती, आता धाकटीचं ठरलं होतं.

"भाऊ, तेच मॅटर काढा. देवाची नावं, भावकीची नावं, समदं तेच. नवरा-नवरी तेवढी बदला."

मी सगळ्या पत्रिकांचं मॅटर साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवतो. डिझाइन दरवर्षी बदलतं, भावकी बदलत नाही. फाइलींना नाव मात्र घाईत काहीही दिलेलं असतं, 'पत्रिका-नवी', 'पत्रिका-नवी-२', 'फायनल', 'फायनल-खरी'. म्हणून शोधायचं ते फाइलीच्या आतल्या एखाद्या शब्दावरून.

"थोरल्याचे सोयरे कुठले, काका?"

"बऱ्हाणपूरचे."

केट नावाचा एडिटर वापरतो मी. त्यात अख्खा फोल्डर एकदम धुंडाळता येतो. 'बऱ्हाणपूर' टाइप केलं, एंटर दाबलं. शून्य.

"कामून? पुसून टाकलं का?" काका म्हणाले. मी ओशाळून म्हणालो की कॉम्प्युटर मधे बिघडला होता, आणि भावकीची अडतीस नावं पुन्हा टाइप करत बसलो. आठ दिवसांनी दुसरंच काही शोधताना ती फाइल समोर आली. तिच्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं, बऱ्हाणपूर.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले, एक जुन्या फाइलीतला, एक मी आत्ता टाइप केलेला. डोळ्यांना रेघेचाही फरक दिसेना. मग त्यांची अक्षरं सुटी करून पाहिली. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. तिथे शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, त्याला डीचा हलन्त लावायचा, पुढे यूचा ह. झाला ऱ्ह. म्हणजे ह च्या आधी दोन खुणा. जुनी फाइल मात्र जुन्या फॉन्टातून कन्व्हर्टरने युनिकोडात उतरवलेली होती. तिच्यात साधा र, हलन्त, आणि नंतर एक अदृश्य जोडणारा, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. तीन खुणा. पडद्यावर दोघांचा चेहरा एकच, पोटात दोन वेगळ्या गोष्टी.

यात चूक कुणाचीच नाही. युनिकोडातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय सांकेतिक पद्धतीवरून घेतलेली. हिंदीला हा अर्धा र लागतच नाही, मराठीला त्याच्यावाचून चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. एक रफार डोक्यावर घेतो, दुसरा कमरेशी हात वळवून उभा राहतो. तो लिहायचे दोन मार्ग मान्य झाले आणि दोन्ही चालू राहिले. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा, सुऱ्या, नवऱ्या मुलाचा मामा, सगळेच त्यात अडकले. लग्नपत्रिकेच्या धंद्यात हे अक्षर किती वेळा येतं ते 'वऱ्हाडी मंडळी' लिहिणाऱ्यालाच कळेल.

आता केट हा केडीईचा. केडीई म्हणजे लिनक्सवरचं अख्खं घर, खिडक्या, मेनू, फाइली ठेवायचं कपाट, कॅल्क्युलेटर, सगळं. मातियास एट्रिच नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याची हाक दिली आणि तेव्हापासून जगभरचे लोक ते फुकट बांधताहेत. मी लिनक्सवर आलो ते तत्त्वासाठी वगैरे नाही. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की महिन्यातून एकदा मशीन धुवावं लागायचं. पण इथे आल्यावर एक वाक्य ऐकत आलो होतो की कोड उघडा आहे, हवं ते बदला. बारा वर्षं मी ते वाक्य देवळातल्या पाटीसारखं वाचून पुढे जात होतो. आता म्हटलं, बघू तर खरं.

थोडं सी प्लस प्लस कॉलेजात केलेलं. कुठून धरायचं ते कळत नव्हतं. तेवढ्यात कळलं की केडीईच्या भारतातल्या लोकांचा मेळावा पुण्यात भरतोय, २ ते ४ फेब्रुवारी २०२४, सीओईपीत. फेब्रुवारीत दुकान बंद ठेवणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल विकायला काढणं. तरी रात्रीच्या बसने गेलो. सभागृहात बहुतेक विशीतली पोरं, मीच एकटा चष्म्याला दोरी लावलेला. चहाच्या वेळी एका मुलाला माझा ऱ्ह दाखवला. तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग म्हणाला, "दादा, हे होईल. पण आधी बिल्ड एन्व्हायर्नमेंट लावा. एकदम केटला हात घालू नका. पहिल्यांदा कॅल्क्युलेटर बिल्ड करा. तो झाला म्हणजे बाकीचं होईल."

एन्व्हायर्नमेंट लावा. हे शब्द तो 'गॅस लावा' म्हणावं तितक्या सहज बोलला.

केटची दुरुस्ती करायची तर केट आपल्या मशीनवर मुळापासून बांधता आला पाहिजे. केट उभा असतो केडीईच्या लायब्रऱ्यांवर. अशा सत्तरहून जास्त लायब्रऱ्या आहेत, फ्रेमवर्क्स म्हणतात त्यांना. त्या उभ्या क्यूट नावाच्या पायावर. त्यांच्यातही मानपान आहे. पहिल्या पायरीवरच्या लायब्रऱ्यांना फक्त क्यूट लागतो, वरच्या पायरीवरच्यांना खालच्या. देवक बसल्याशिवाय हळद नाही आणि हळदीशिवाय अक्षता नाहीत, तसं. ही रांग कुणी हाताने लावत नाही. त्यासाठी तेव्हा केडीईएसआरसी-बिल्ड नावाची पर्लमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट होती. पुढे तिची जागा पायथनमधल्या केडीई-बिल्डरने घेतली, पण माझं बिऱ्हाड मांडलं ते जुनीनेच. ती घरच्या फोल्डरात केडीई नावाची खोली काढते आणि तिच्यात तीन कप्पे पाडते. एसआरसीत कच्चा माल, म्हणजे उतरवलेला कोड. बिल्डमध्ये चूल. आणि यूएसआरमध्ये वाढलेलं ताट. मशीनवरचं मूळचं केडीई जागच्या जागी राहतं, त्याला धक्का लागत नाही. म्हणजे भाड्याच्या घरात राहता राहता मागच्या अंगणात स्वतःची खोली बांधायची.

माझ्याकडचा लॅपटॉप निराला बाजारातून घेतलेला, सेकंड हँड. चार कोअर, आठ जीबी रॅम आणि मेलेली बॅटरी. ही बॅटरी लक्षात ठेवा.

पहिला अडथळा दारातच. माझ्या मशीनवरचा क्यूट जुना. २८ फेब्रुवारी २०२४ ला केडीईची सहावी पिढी बाहेर पडली होती आणि तिला नवा क्यूट लागत होता. सीमेक म्हणून जो हिशेबनीस आधी सगळं सामान आहे का ते तपासतो, त्याने पहिल्याच ओळीला हात वर केले. एक पर्याय होता क्यूटही मुळापासून बांधण्याचा. त्या आठ जीबीत तो बांधायला घेतला असता तर तुळशीचं पुढचं लग्न आलं असतं. शेवटी लिनक्सच बदललं, नवी पॅकेजेस लवकर देणारं घेतलं. त्यात दुकानाचा प्रिंटर तीन दिवस रुसला. ती वेगळीच कथा आहे.

दुसरा अडथळा डेटाचा. दुकानातलं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. पहिल्या रात्री अर्धे कोड उतरले आणि पाणी आटलं. मग रोज रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी, नव्या दिवसाचा डेटा चालू झाला की, उरलेले उतरवायचे. पाच रात्री लागल्या. नंतर 'नो-एसआरसी' हा शब्द जोडायला शिकलो. तो जोडला की स्क्रिप्ट नवा कोड आणायला जात नाही, आहे त्यावरच भागवते. माझ्यासारख्याने हा शब्द पहिल्या दिवशीच शिकावा.

मग खरं बांधकाम. कॅल्क्युलेटर म्हटल्यावर वाटलं होतं किती असेल, अधिक-उणे करणारी खिडकी! पण त्या एका खिडकीमागे लायब्रऱ्यांची वरात निघाली. स्क्रिप्ट एकेकीचं नाव घेते, सीमेक सामान तपासतो, निंजा नावाचा मुकादम कामं वाटतो. आणि हा निंजा भलताच हौशी. कोअर जेवढे असतील त्याच्याही दोन वर कामं एकदम काढतो. चार कोअर, सहा कामं. सी प्लस प्लसची एकेक जाड फाइल कंपाइल होताना रॅमचे घास घेते. चौथ्या-पाचव्या लायब्ररीला लॅपटॉप थिजला. माउस हलेना, पंखा मात्र ट्रॅक्टरसारखा. पाच मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली. कंपायलरला मारून टाकलं, असं तीत लिहिलं होतं. 'किल्ड'. मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं दाबलं. रॅम संपत आली की लिनक्स सगळ्यात खादाड प्रोसेस निवडून तिचा गळा आवळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. उपाय एका ओळीचा होता. सेटिंगच्या फाइलीत कोअरची संख्या दोन लिहायची. जोडीला डिस्कवर आठ जीबीची स्वॅप. काम हळू झालं, पण मेलं नाही.

आता पाण्याचं. बाहेरच्या माणसाला वाटेल इथे पाण्याचा काय संबंध. आमच्या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, आणि नळाला ते रोज येत नाही, वार लागतात. २०१९ मध्ये मुकुंदवाडीहून रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनावर पाणी भरायला जाणाऱ्या पोरांचे फोटो जगभर छापून आले होते. तेव्हा शहराचं नावही जुनंच होतं. तर, ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक मोटर एकदम सुरू होते. ट्यूबलाइट मिणमिणते, पंखा मान टाकतो, आणि कधी कधी लाइटच जाते. एरवी चार मिनिटांनी येते. पण मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपला चार मिनिटं आणि चार तास सारखेच.

एका गुरुवारी पहाटे साडेपाचला पाणी आलं. रात्रभर चाललेलं बिल्ड शेवटच्या टप्प्यात होतं. शेजारच्या मावशींची मोटर चालू झाली आणि माझा पडदा काळा झाला. लाइट आल्यावर मशीन उठलं. मला वाटलं निंजा होता तिथून पुढे जाईल. जातोही तो एरवी, झालेलं काम पुन्हा करत नाही. पण लाइट गेली त्या क्षणी कोड आणून ठेवणारा गिट त्यातल्या एका लायब्ररीचा कोड डिस्कवर उतरवत होता. आता गिट म्हणू लागला, ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे. जाऊन पाहिलं तर खरंच, फाइल होती, नाव होतं, आकार शून्य बाइट. पाकीट आहे, आत पत्रिका नाही. तो एक फोल्डर पुसून पुन्हा उतरवला. त्याला नेमका त्या दिवसाचा उरलेला डेटा पुरला.

त्यानंतर दुकानाच्या भिंतीवर, गणपतीच्या कॅलेंडरवर, मी पाण्याच्या वारांना गोल करायला लागलो. आदल्या रात्री बिल्ड लावायचं नाही. आई म्हणाली, "एवढं कधी हंडे भरायला लक्षात नाही ठेवलंस."

केडीईची माहितीपुस्तिका मी अनेकदा वाचली. चांगली आहे, मनापासून लिहिलेली आहे. कुठलं पॅकेज लागेल, कुठली ओळ कुठे लिहायची, सगळं तीत आहे. पण ज्याच्या घरी रात्रभर लाइट असते आणि डेटा मोजावा लागत नाही, त्यानेच ती लिहिलीय हे पानापानावर कळतं. तक्रार म्हणून म्हणत नाही. मीही पत्रिकेवर 'वेळेवर उपस्थित राहावे' असं छापतोच, एसटी वेळेवर येणार नाही हे माहीत असून. माझं एन्व्हायर्नमेंट लागलं ते क्यूट, सीमेक आणि निंजा जमले तेव्हा नाही. त्यांच्याबरोबर मावशींची मोटर, रात्रीचे बारा पाच आणि कॅलेंडरवरचे गोल जमले तेव्हा लागलं.

मे महिन्याच्या अखेरीस कॅल्क्युलेटर उघडला. अगदी तोच कॅल्क्युलेटर, जो मशीनवर आधीपासून होता. मी त्यात २ अधिक २ केले. चार आले. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्या चारकडे मी ज्या डोळ्यांनी बघत होतो ते बघून कुणीतरी आईला जाऊन सांगितलं असतं.

त्यानंतर केट. बरंचसं सामान आधीच बांधलेलं असल्याने तो दोन रात्रींत झाला. फोल्डरभर शोधणारा भाग केटच्या आत वेगळा ठेवलेला आहे, तो सापडायला फार वेळ लागला नाही. तुम्ही साधा शब्द दिला तरी आत त्याची रेग्युलर एक्स्प्रेशन बनते, म्हणजे शोधण्याचा नमुना. माझ्या डोक्यात साधं गणित होतं. शब्दात अर्धा ऱ दिसला की त्याच्या जागी 'हा किंवा तो' असं लिहायचं, दोन खुणांचा किंवा तीन खुणांचा. चार ओळींचं काम. लिहिलं, बिल्ड केलं, केट उघडला, बऱ्हाणपूर शोधलं.

शून्य.

पुन्हा पाहिलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा शून्य. तीन रात्री. शेवटी चिडून मी मेनूतल्या एका शब्दाच्या जागी 'अरे' लिहिलं, फक्त दिसतंय का बघायला. केट उघडला, मेनू जसाच्या तसा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी रोजच्या सवयीने खालच्या पट्टीवरच्या आयकॉनवर क्लिक करत होतो. त्या आयकॉनमागे मशीनबरोबर आलेला, भाड्याच्या घरातला केट होता. माझा केट मागच्या खोलीत तयार होऊन बसला होता, त्याला कुणी बोलावतच नव्हतं. दोघं जुळे, कपडेही सारखे. त्याला उठवायचं तर स्क्रिप्टला 'रन' असं सांगावं लागतं. तसं सांगितलं, तरी जुनाच समोर आला! कारण जुना आधीच उघडा होता, आणि एक केट उघडा असताना दुसऱ्याला हाक मारली तर तो काम पहिल्याच्या हवाली करून निघून जातो. सगळे केट बंद केले. मग उघडला. मेनूत 'अरे' दिसलं. मी मोठ्याने "अरे!" म्हणालो.

आता तरी शोध लागायला हवा होता. लागला नाही. पण या वेळी निदान खऱ्या केटशी भांडत होतो. आत कुठे काय बनतंय ते छापून पाहिलं तर माझ्या बऱ्हाणपूरच्या प्रत्येक खुणेआधी एक उलटी तिरकी रेघ उभी होती. ब आधी रेघ, ऱ आधी रेघ, हलन्ताआधी रेघ, काट्यांच्या कुंपणातून गाव दिसावं तसं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काही चिन्हांना खास अर्थ असतो, तो चुकून लागू नये म्हणून क्यूट शब्दाला आधी ही रेघ लावून घेतो. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर सोडून सगळ्यांना, सरसकट. मराठीतलं तर एकही चिन्ह त्यातून सुटत नाही. आणि मी रेघा लागल्यानंतर अर्धा ऱ शोधायला जात होतो. ऱ आणि हलन्त यांच्या मधे रेघ येऊन बसल्यावर तो जोडीने सापडणार कसा? क्रम उलटा केला. आधी शब्द अर्ध्या ऱ पाशी तोडायचा, तुकड्यांना वेगवेगळ्या रेघा लावायच्या, आणि तोडलेल्या जागी 'हा किंवा तो' घालून पुन्हा शिवायचं. चाराच्या अकरा ओळी झाल्या.

त्या रात्री जालन्याकडे जाणारी गाडी स्टेशनातून सुटत होती, तिच्या धडधडीत मी एंटर दाबलं. बऱ्हाणपूर, सापडलं तीन फाइलींत. मग वऱ्हाड शोधलं. यादी खाली खाली जातच राहिली, २०१४ पासूनची सगळी वऱ्हाडं.

हे मी अजून केडीईकडे पाठवलेलं नाही. पाठवायचं तर त्याबरोबर चाचण्या लिहाव्या लागतील, आणि प्रश्नही सुटायचे आहेत. नेपाळी लिहिणाऱ्यालाही हा अर्धा र लागतो, त्याच्याकडे काय होईल? 'अगदी हेच अक्षर' शोधायचंय त्याने काय करायचं? शिवाय हे केटमध्ये करायचं की खाली, पायाच्या जवळ कुठेतरी, म्हणजे सगळ्यांनाच मिळेल? चाचण्यांची फाइल उघडून ठेवलीय. सध्या माझ्या दुकानात दोन केट आहेत. खालच्या पट्टीवरचा आयकॉन आता माझ्या केटला जोडलाय आणि त्याच्या मेनूतला तो 'अरे' मी मुद्दाम काढलेला नाही.

या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर करमाडचे काका पुन्हा आले, पुतण्याच्या लग्नासाठी. मी त्यांना बसायला सांगितलं, बऱ्हाणपूर टाइप केलं, एंटर दाबलं, आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा वर करून आधी थोरल्याची पत्रिका वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"हाय की इथंच. मग तवा कामून म्हनत होते मशीन बिघडलं म्हनून?"